कानाने पारखलेला

मी एक जुना फिल्म कॅमेरा आहे, मित्रांनो. जुना म्हणा, जुनाट मात्र म्हणू नका! माझ्या पोटात सेल नाही. सगळा कारभार स्प्रिंगांचा आणि दातेरी चाकांचा. पंचवीस वर्षं मी एका वार्ताहराच्या गळ्यात काढली. एकदा जिन्यावरून गडगडलो, कोपरा चेपला, तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. पुढे मोबाइल आले आणि मी दुरुस्तीवाल्या काकांच्या फळीवर येऊन बसलो. शेजारी एक चकचकीत कॅमेरा होता. त्याला मी मनातल्या मनात नवरदेव म्हणायचो.

एके दिवशी एक तरुण परिचारिका आली. "काका, स्वस्तातला द्या, पण दगा न देणारा. परवा आईचं शिवणाचं दुकान बंद होतंय. मशीनवर बसलेली असतानाचा तिचा एकही फोटो नाही. मोबाइलमधल्याला ती फोटोच मानत नाही. हातात धरता यायला हवा, म्हणते."

तिचा हात थेट नवरदेवाकडे गेला. काका हसले. "दिसतं तसं नसतं, बाळ. कान लाव."

खटका दाबल्यावर आतला पडदा एक सेकंद उघडा राहील असं लावून त्यांनी दोघांना तपासलं. नवरदेवाचा पडदा मध्येच अडकला. माझा मात्र खर्रर्र करत बरोबर सेकंदाने मिटला. मला छाती असती तर फुगली असती!

"हाच ने," काका म्हणाले. "फक्त रीळ घातल्यावर फिल्म पुढे सरकवायची ही दांडी ओढताना ही वरची चकती फिरते का, ते बघ. फिरली नाही, तर रीळ धरलंच नाही म्हणून समज."

दुकानाच्या शेवटच्या दिवशी मुलगी घाईत ते विसरली. पंधरा वेळा दांडी ओढली, खटका दाबला. चकती जागची हलली नाही. फोटो मोजणारा माझा आकडा मात्र पुढे सरकत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मोजण्याची लाज वाटली.

आई शेवटचा फ्रॉक शिवत होती. शिवण संपवून तिने मान वर केली. "अगं, त्यात रीळ घातलंयस ना?"

"हो, नवं कोरं!"

"मग ती चकती फिरत का नाही? माझ्या मशीनवरचं रीळ फिरेनासं झालं, की दोरा जात नाही."

मुलीने झाकण उघडलं. फिल्म सुटून तशीच पडली होती. तिचे डोळे भरून आले. थोड्या वेळात मशीन न्यायला माणसं येणार होती.

"रडतेस काय? उसवायचं आणि पुन्हा शिवायचं," आई म्हणाली. तिने कात्री घेतली, नुकतीच घातलेली शिवण उसवली आणि फ्रॉक पुन्हा सुईखाली धरला. मुलीने डोळे पुसून रीळ नीट बसवलं.

"फिरतेय का गं आता?" माझ्याकडे बोट दाखवत आई खळखळून हसली. मी तो क्षण टिपला.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा नुसता रंग बघू नका. तिला कान लावा, तिच्यावर नजर ठेवा. आम्हाला दुखलंखुपलं सांगता येत नाही.

तो फोटो आता भिंतीवर आहे. आई कुणाकडे बघून एवढी हसतेय, असं कुणी विचारलं, की मुलगी कपाटातून मला काढते आणि म्हणते, "याच्याकडे."