झिजलेलं व्हील

१९८३ च्या उन्हाळ्यात गोटीराम सिन्नरच्या एका लहान वर्कशॉपात ग्राइंडिंग मशीनवर होता. ॲसिडच्या पंपात बसणाऱ्या सिरॅमिकच्या स्लीव्ह, म्हणजे पोकळ नळ्या, घासून मापात आणायच्या, हे त्याचं काम. सिरॅमिक इतकं कडक, की त्याला हिऱ्याची कणी बसवलेलं परदेशी व्हीलच लागे. जुनं झिजलं होतं आणि नवं मुंबईच्या गोदीत अडकलं होतं.

नेमका तेव्हाच लहानू आला. देवळाली कॅम्पात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. लहानू रसायनांच्या कारखान्यात फिटर. तिथला पंप बंद पडला होता आणि स्लीव्ह घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, असं साहेबानं बजावलं होतं.

गोटीरामनं त्याला थांबायला सांगून पाहिलं. कणी बोथट झाली की व्हील कापत नाही, नुसतं घासतं. डायल दाखवते तेवढं निघत नाही, एक टोक जाड राहतं. मग दाब वाढवून माप आणावं लागतं, आणि त्या दाबानं, तापानं आत बारीक चीर पडू शकते.

"पण माप येईल ना?" लहानूनं विचारलं.

"माप आणतो मी. आतलं काय सांगता यायचं नाय."

"मग कर."

गोटीरामनं पुन्हा पुन्हा मोजत दोन्ही टोकं सारखी आणली. शाई लावून चीर बघायची राहिली; लहानूला एसटी गाठायची होती.

पंप सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी स्लीव्ह फुटली. गळती बघायला वाकलेल्या लहानूच्या तोंडावर ॲसिड उडालं.

दवाखान्यात त्याच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्याची बायको भिमाबाई उशाशी बसली होती.

"माप बरोबर होतं," लहानू तिला म्हणाला. "गोटीरामचा दोष नाय."

"माप बरोबर होतं, वैनी," गोटीराम म्हणाला. "पण व्हील झिजलं होतं. मला ठाऊक होतं."

"ह्यांना ठाऊक होतं का?"

लहानूनं तोंड भिंतीकडे वळवलं. गोटीरामनं त्याच्याकडे बघितलं.

"नाय," गोटीराम म्हणाला.

लहानूची नजर परत आली नाही. तो घरी आल्यावर गोटीराम त्याला भेटायला गेला. भिमाबाई दार अडवून उभी राहिली. आतून लहानूनं विचारलं, कोण आलंय?

"कोणी नाय," ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.