उद्धवमामांसमोरचा शब्द

पिंपरीला कारखाना आला तेव्हा आमचं वावर त्यात गेलं. बदल्यात घरटी एक नोकरी मिळणार होती. पण माणसं निवडायचं काम मुकादम उद्धवरावांकडे, आणि ते माझ्या वडिलांना, आबांना, गेटवरूनच परत पाठवत. "चहापाण्याचं बघा, कोंडाजी. मेव्हण्याला सोडलं तर बाकीचे मला सोडतील व्हय?"

आईला सख्खा भाऊ नव्हता. दिघीचे हे उद्धवमामा, तिचे चुलतभाऊ, हेच तिचं माहेर.

शेवटी कारखान्याच्या साहेबाकडे तक्रार घेऊन जायचं ठरलं. आमच्या ओसरीच्या खोलीत कायतान नावाचा गोव्याचा फिटर भाड्यानं राहायचा. आईनं त्याला विचारलं, "आमच्यात चहापाणी म्हणत्यात, खुशाली म्हणत्यात. तुमच्यात?"

"पोर्तुगीजात सुबोर्नु. इंग्लिशात ब्राइब. सगळी सडकी कढी मिळून कोरुप्सांव, म्हणजे करप्शन. तिच्याशी लढायचं ते कोंबातेर. तक्रार केली की देनुन्सिया."

"एवढं कसं पाठ?"

"हेच शब्द गावात मोठ्यानं बोललो होतो, मंजुळाबाई. म्हणून तर इथं आलो."

आईनं ब्राइब निवडला. भाकऱ्या थापताना घोकायची. आबा म्हणायचे, "मडमबाई, तव्याकडं बघा!" तेव्हा मला गंमत वाटायची. तो शब्द परका होता, म्हणूनच तिला सोपा जात होता, हे पुढं समजलं.

आम्ही कचेरीत गेलो तेव्हा साहेबांनी मामांनाही आत बोलावलं. मी आईच्या पदराला धरून उभी होते.

"दादानं ब्राइब मागितली," आई म्हणाली.

मामांना इंग्रजी येत नव्हतं. ते नेहमीसारखे तिच्याकडं बघून हसले. "काय म्हणती ही?"

साहेब म्हणाले, "बाई, मराठीत सांगा. त्यांनाही कळू दे."

आईनं माझ्या हातातून पदर सोडवला. मग मामांकडं वळली. "दादा, तुमी लाच मागितली."

"लाच? मंजुळे, मी चहापाणी म्हणालो गं!"

"व्हय. मी बी इतके दिस तेच म्हणत हुते."

आबा कामाला लागले. मामांची मुकादमी गेली.

भाऊबीजेला आई मला घेऊन दिघीला गेली. दार मामींनी उघडलं. मामा आत खोकत होते, बाहेर आले नाहीत. घरी येईपर्यंत चंद्राची कोर दिसू लागली होती. न ओवाळताच परत आणलेलं निरांजन आईनं ओसरीवर लावलं. शेजारची शालनबाई म्हणाली, "चंद्राला ओवाळ. भाऊ नसला म्हंजी तसंच करत्यात."

"मला भाऊ हाय," आई म्हणाली आणि निरांजन तसंच जळू दिलं.