देवीला बोललेलं घड्याळ

मी घड्याळ आहे, पण मला वेळ विचारू नका. गेल्या श्रावणापासून मला कुणी चावी दिलेली नाही. तारकर्लीला, सुगंधाच्या देवघरात, लाल खणात गुंडाळून ठेवलंय मला. मला जे ठाऊक आहे ते या घरात आणखी एकालाच ठाऊक आहे. तो बोलत नाही, म्हणून मी बोलतोय.

माझा जन्म दूरच्या थंड मुलखात, एका म्हाताऱ्या कारागिराच्या टेबलावर झाला. माझं अंग वीतभर उंचीचं, चांदीचं. त्यावर त्यानं निळी मीनाकारी केली. काचेची पूड पिसाच्या टोकानं पसरायची, भट्टीत घालायची, घासायची, पुन्हा पूड. असं सात वेळा. सहाव्या भट्टीत तडा गेला तर सगळं पहिल्यापासून! माझ्याआधीची दोन अशीच गेली. तबकडी शिंपल्याची केली आणि आकड्यांच्या जागी बारा माणकं. एका रंगाची बारा जमेपर्यंत तो दीड वर्ष थांबला. एकेक माणिक सोन्याच्या चार नखांत बसवताना तो श्वास रोखून धरायचा. माझ्यासारखं दुसरं त्यानं केलं नाही.

सुगंधाचे सासरे, नाना, मोठ्या जहाजावर फिटर होते. इंजिनाला आग लागली तेव्हा सगळे वर पळाले आणि नाना खाली उतरले. जहाज वाचलं. मालकानं आपल्या केबिनमधून मला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. नानांनी घरी येऊन चावी सुनेकडे सोपवली.

"सुगंधा, ह्याका तूच जप गो. बाकीचे मोडून टाकतले."

तीस वर्षं तिनं जपलं. दर सोमवारी आंघोळ करून, ओल्या केसांचा अंबाडा घालून ती यायची. चौदा फेरे द्यायची आणि विचारायची, "भरला मा पोट?" नाना गेले, तिचा नवरा गेला, तरी सोमवार चुकला नाही. देवघरातल्या निरांजनाची काजळी माझ्या माणकांवर बसत गेली. त्यांचा रंग जरा दबला, पण मला तो आवडायचा. घरचा झालो होतो.

तिचा एकुलता एक मुलगा निकेत, आजोबांसारखाच जहाजावर लागला. गेल्या श्रावणात त्याच्या जहाजाचा वादळात पत्ता लागेना. एकोणीस दिवस फोन नाही. विसाव्या दिवशी सुगंधा माझ्यासमोर बसली. मग तिनं मला खणात गुंडाळलं आणि हात जोडले.

"माउली, माझो झील घराक येवंदे. माझ्या घरातली सगळ्यात देखणी वस्तू तुझ्या पायार ठेवतलंय."

त्या दिवसापासून मी देवीचा झालो. नवसाला बोललेली वस्तू घरच्यांनी वापरायची नसते, उघडून बघायचीसुद्धा नसते. सुगंधानं खणाची गाठ मारली आणि परत हात लावला नाही. मी बंद पडलो. मला वाईट वाटलं नाही. पोरासाठीच थांबलो होतो ना!

पोर आलं. गणपतीच्या आदल्या दिवशी निकेत दारात उभा राहिला. आता जहाज नको, इथंच पर्यटकांसाठी होडी चालवायची, असं त्यानं ठरवलं. होडी जुनी मिळाली, इंजिन नवं हवं होतं आणि त्याला पैसे पुरेनात.

एका दुपारी सुगंधा नात्यातल्या हळदीकुंकवाला परगावी मुक्कामाला गेली. निकेतनं मला खणासकट बॅगेत घातलं आणि गोव्याची वाट धरली. गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पोलिसानं बॅग उघडली.

"हे काय?"

"देवीचं आहे साहेब. नवसाचं."

पोलिसानं हात जोडले आणि चेन स्वतः लावून दिली.

गोव्यात एका जवाहिऱ्यानं चिमट्यानं माझी बारा माणकं काढली आणि त्या जागी लाल काचा बसवल्या. आत चाकांच्या टोकांखाली बारीक माणकं आहेत, ती त्यांना कळलीच नाहीत. "आवशीक ओळखूक येताला मा?" जवाहिऱ्यानं विचारलं.

निकेत हसला. "आये उघडून बघूची नाय. आणि देवी काय भिंग लावन बसली हा?" सुगंधा परतायच्या आत त्यानं मला पुन्हा गाठ मारून देवघरात ठेवलं.

मार्गशीर्षात जत्रेच्या दिवशी सुगंधानं देवळात माझी गाठ सोडली. काचा लखलखल्या. तिचे डोळे भरले.

"बघलास रे? माउलीनंच उजळल्यान!"

निकेतनं मान हलवली.

हरिश्चंद्र गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "हे लेकरू बोललेला पुरा करूक इला हा, ता मान्य करून घे गे माउली." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मग त्यांनी देवीला ओल्या कळ्या लावल्या. उजवी कळी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नाही. डावी पडली. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी.

"वहिनी, कायतरी उणा रवला आसा," गुरव हळूच म्हणाले. "आठवून बघा."

सुगंधाचा चेहरा उतरला. मी निकेतकडे बघत होतो. आता बोलेल, आता बोलेल. तो चपला शोधायला बाहेर गेला.

मला परत घरी आणताना वाटेत ती म्हणाली, "माझाच चुकला. गुंडाळताना एकदा मनात इला, एवढा सुंदर घड्याळ कसा देऊ? ताच देवीक कळला."

"कळये जास्त ओले होते गे आये, म्हणान पडले."

"देवीवर बोल ठेव नको!"

तेव्हापासून तिनं भात सोडला. देवी मला घेईपर्यंत एक वेळ फळं आणि पाणी. दर मंगळवारी ती अनवाणी देवळात जाते आणि तापलेल्या वाळूतून परत येते. आज एकविसावा दिवस. देव्हाऱ्यापुढे उठताना तिला भिंत धरावी लागते. निकेतची होडी मात्र नव्या इंजिनावर जोरात पळते.

आज सकाळी तो देवघरात आला. खण बाजूला करून त्यानं बाराच्या जागच्या काचेवर बोट ठेवलं. पावलं वाजताच त्यानं खण पुन्हा झाकला. मागून सुगंधा आली.

"हात धुतलस?"

"होय."

"येतंस माझ्यावांगडा मंगळवारी? तुझ्यासाठीच बोललंय मा."

"येतंय," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

निकेत, तुझ्या काळजीनं ती माझ्यासमोर एकोणीस रात्री जागली, ते मी पाहिलंय. तू मला लुटलंस, ते मी सोसलं. पण तुझी चूक ती स्वतःच्या पोटावर काढते आहे, आणि तू समोर बसून पोटभर जेवतोस. मंगळवारी गुरव पुन्हा कळ्या लावतील, त्याआधी एकदा तोंड उघड. देवी काच घेईल की मला परत पाठवेल, मला माहीत नाही. उणं आपल्या मनात नव्हतं, हे कळून सुगंधा रडेल. तुझ्याशी चार दिवस बोलणार नाही.

पण घरी येऊन ती भात रांधेल आणि जेवेल.