दोन शब्दांना वैतागलेला पोडियम

मी बोलतोय, आणि या खेपेला मधेच कुणी 'हॅलो, हॅलो, मागे आवाज येतोय का?' करायचं नाही. जन्मभर लोक माझ्यावर कोपरं टेकून बोलत आले. आज मी बोललो तर काही आभाळ कोसळणार नाही.

मी विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहातला पोडियम. भाषण करणारा माणूस ज्याच्यामागे उभा राहतो, ते उतरत्या माथ्याचं उंच लाकडी मेज. माझं नावसुद्धा इथे कुणी धड घेत नाही. प्राध्यापक मला डायस म्हणतात. अहो, डायस म्हणजे मी ज्याच्यावर उभा असतो तो चौथरा! झाडलोट करणाऱ्या मावशी मला 'भाषणाचं खोकं' म्हणतात. त्यातल्या त्यात त्यांचंच बरोबर.

माझा जन्म विद्यापीठाच्याच सुतारखान्यात झाला. रसायनशास्त्राची जुनी टेबलं मोडीत निघाली होती. त्यांचं लाकूड दणकट होतं, फक्त जागोजागी आम्लाचे डाग पडलेले. सुतारकाकांनी ते डाग रंधा मारून काढले आणि मला घडवलं. माप घेतलं ते पहिल्या कुलगुरूंचं. ते होते ताडमाड उंच.

"साहेब, तुमच्यानंतर दुसरं कुणी बोलेल ना? जरा बेताची उंची ठेवू का?" काकांनी विचारलं.

"आधी मला तर बोलू द्या," कुलगुरू हसून म्हणाले.

झालं! मी उंच तो उंचच राहिलो. साध्या उंचीचा माणूस माझ्यामागे आला की हनुवटीपर्यंत झाकला जातो, आणि बुटका असला तर प्रेक्षकांना फक्त केस दिसतात. किती वर्षं हे चाललं, पण माझे पाय चार बोटं कापावेत असं एकालाही सुचलं नाही. विद्यापीठ आहे ना, तिथे सगळे विद्वान!

माणसांचे हात मला फार कळतात. घाबरलेला माणूस माझ्या दोन्ही कडा घट्ट धरतो. खोटं बोलणारा बोटांनी ताल धरतो. आणि 'मी फक्त दोनच शब्द बोलणार आहे' असं म्हणणारा सगळं अंग माझ्यावर टाकून असा रेलतो की तेव्हाच ओळखावं, आता याचं चऱ्हाट सुरू होणार आणि पुढच्या रांगेतले डुलक्या घेणार.

पण माझा जीव खरा मेटाकुटीला यायचा तो वार्षिक गौरव समारंभात. वर्षभरात कुठल्या अध्यापकाने काय पराक्रम केला ते कुलसचिव माझ्यामागे उभे राहून वाचून दाखवायचे. अमुक सर परिषदेला गेले. तमुक सर परिषदेहून परत आले. एका सरांचा गौरव ते एका समितीचे अध्यक्ष झाले म्हणून, आणि त्या समितीचं काम काय, तर गौरवासाठी नावं सुचवायची! वाचता वाचता कुलसचिवांची जीभही अडखळली नाही. मला लाकूड असून लाज वाटली.

खरं काम करणारी माणसं इथे नव्हती असं नाही. होती. पण त्यांची पाळी शेवटी यायची, तेव्हा लोकांचं लक्ष चहाकडे लागलेलं असायचं.

अशाच दोघींची ही गोष्ट.

एक होत्या रसायनशास्त्राच्या बाई. ठेंगण्या, चटपटीत, बोलताना टाचा उचलायची सवय. दुसऱ्या त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. त्यांना सगळं विद्यापीठ ताई म्हणायचं. ताई चांगल्या उंच, आवाज खणखणीत आणि स्वभाव फटकळ. दोघी वर्षानुवर्षं एका टेबलावर काम करत आल्या होत्या. भांडायच्या, रुसायच्या, पुन्हा एकाच डब्यातलं जेवायच्या.

त्या दोघींनी मिळून एक कागदी पट्टी तयार केली. खेळण्याचा किंवा पाळण्याचा रंग जरासा खरवडायचा, पट्टीवर ठेवायचा, वर दोन थेंब टाकायचे. रंगात विषारी शिसं असेल तर पट्टी गुलाबी होते. कल्पना बाईंची, रसायनही त्यांनीच जुळवलं. पण ते दुसऱ्या दिवशीच खराब व्हायचं. ते महिनोन्‌महिने टिकेल अशी पट्टी ताईंनी करून दाखवली. त्यासाठी किती कागद वाया घालवले, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी गावातल्या शाळांनी आपापले झोपाळे आणि घसरगुंड्या तपासल्या, कितीतरी ठिकाणी रंग खरवडून नव्याने द्यावा लागला. म्हणजे या दोघींमुळे लहान मुलांच्या पोटात जाणारं विष थांबलं. शोधनिबंधावर दोघींची नावं शेजारी शेजारी छापली होती.

हे सगळं मला कसं कळलं? समारंभाच्या दिवशी दुपारी दोघी सभागृहात भाषणाचा सराव करायला आल्या होत्या; आधी खाली बसून सगळं भाषण त्यांनी एकमेकींना वाचून दाखवलं. सभागृह रिकामं. बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि गडप झाल्या.

"अगं, कुठे गेलीस?" ताई खालून खो खो हसल्या. "मला नुसतं खोकंच दिसतंय!"

"हसू नका हो ताई. खाली काहीतरी ठेवायला हवं. विटा बघा कुठे मिळतात का."

"विटा कशाला? तू माझ्या खांद्यावर बस. तसंही आपण दोघी बरोबरच वर येणार ना?"

बाईंचे हात माझ्या कडांवर आले आणि त्यांनी कडा घट्ट धरल्या. मला वाटलं, अरेरे.

तेवढ्यात खुर्च्यांची मांडणी बघायला कुलसचिव आले. ताईंनी त्यांनाच विचारलं, "साहेब, आम्ही दोघींनी कुठे बसायचं?"

"बाई पहिल्या रांगेत. आणि तुम्ही... तुम्ही बसा की कुठेही. मागे भरपूर जागा आहे."

"म्हणजे?"

"हा अध्यापकांचा गौरव आहे, ताई. कर्मचाऱ्यांचा वेगळा असतो. तुमची पंचवीस वर्षं भरली की दीर्घ सेवेसाठी आम्ही तुम्हाला बोलावूच. नियमच तसा आहे, मी काय करू?"

"पट्टी आम्ही दोघींनी केली. निबंधावर माझं नाव आहे."

"हो, पण नियमात तुमचं नाव बसत नाही ना," असं म्हणत कुलसचिव खुर्च्या मोजायला निघून गेले. हा माणूस एका अक्षराने खोटं बोलत नव्हता आणि एका अक्षराने खरंही. माझ्या डोक्याला अशा माणसांचा जेवढा ताप झालाय तेवढा वाळवीचाही नाही.

ताई वळल्या. "तुम्हाला हे माहीत होतं, मॅडम?"

'तू'वरून त्या थेट 'तुम्ही'वर गेल्या आणि मला कळलं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

"आठवडाभर," बाई हळूच म्हणाल्या. "मी भांडले त्यांच्याशी. पण पुढच्या महिन्यात माझ्या बढतीची मुलाखत आहे, समितीवर हेच सगळे बसणार. मी तुम्हाला सांगणार होते ताई, पण..."

"मला टाळ्या नकोत. घरी दोन मुलं आहेत, टाळ्या वाजवायला तेवढी पुरेत. मला नाव हवंय. जे मी केलं ते मी केलं म्हणून कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. बास." आणि त्या तरातरा निघून गेल्या.

संध्याकाळी सभागृह भरलं. दोन शब्दवाले आले, माझ्यावर रेलले, बोलबोल बोलले. एका सरांनी तर आपल्या सत्काराला उत्तर देताना आपल्याच गुरूंच्या गुरूंपासून सुरुवात केली. कुलगुरू घड्याळ बघत होते. ताई आल्या होत्या. सगळ्यात मागच्या रांगेत, दाराशी, हाताची घडी घालून.

शेवटी बाईंची पाळी आली. कुलसचिवांनी घाईघाईत वाचलं, "बाईंनी पेन्सिलीतल्या शिशावर मोलाचं संशोधन करून..."

पेन्सिलीतलं! अहो, पेन्सिलीत ते शिसं नसतंच. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे होतं?

बाई वर आल्या. मानपत्र घेतलं. छायाचित्र झालं. मग त्या माझ्यामागे आल्या आणि दुपारसारख्याच गडप झाल्या. सभागृहात हसू फुटलं. कुलसचिवांनी माईक खाली वाकवायला घेतला, तर तो कर्रकन ओरडला. पुन्हा हसू. बाईंनी माझ्या कडा पुन्हा घट्ट धरल्या. आपल्यामुळे एखाद्याची अशी शोभा व्हावी आणि आपल्याला तसूभरही वाकता येऊ नये, याच्यासारखं दुःख नाही.

मग त्यांनी हात काढून घेतले. मानपत्र माझ्या माथ्यावर ठेवलं आणि त्या माझ्या आडून बाहेर, थेट मंचाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. माईक नव्हता. वर्गात शिकवतात त्याच आवाजात म्हणाल्या, "हे काम पेन्सिलीचं नाही, रंगातल्या विषाचं आहे. आणि ते मी एकटीने केलेलं नाही. आमच्या ताई मागे बसल्या आहेत. ताई, वर या. तुमच्याशिवाय मी हे मानपत्र नेणार नाही."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

मला वाटलं, आता ताई येतील, डोळे पुसतील, टाळ्यांचा कडकडाट होईल. असे प्रसंग मी पुष्कळ पाहिलेत.

ताई उठल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "मी का येऊ? मला त्यांनी बोलावलेलं नाही, आगंतुकासारखी मी येणार नाही," त्या खणखणीत म्हणाल्या. मग आवाज एकदम उतरला. "तूच खाली ये."

भर सभेत, कुलगुरूंसमोर, तंत्रज्ञ असलेल्या ताई प्राध्यापक बाईंना 'तू' म्हणाल्या. कुणीतरी खोकलं. बाईंनी माझ्याकडे, मानपत्राकडे एकदा पाहिलं. मग त्या पायऱ्या उतरून पूर्ण सभागृह ओलांडून मागे गेल्या आणि ताईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. ताईंनी नुसती पर्स उचलून त्यांना जागा करून दिली.

"पुढचे सत्कारमूर्ती..." कुलसचिव म्हणाले. पुढे कुणी उरलंच नव्हतं.

बाईंची बढती त्या वर्षी हुकली. मुलाखतीत त्यांना म्हणे विचारलं, 'सभेचे संकेत तुम्हाला मान्य आहेत का?' हे मला मावशींच्या तोंडून कळलं. झाडताना त्या मोठ्याने बोलतात. बाई दोन दिवस रजेवर होत्या, आणि तिसऱ्या दिवशी ताई त्यांच्या घरी जाऊन त्यांना हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन आल्या, असंही मावशी म्हणाल्या.

पण बोभाटा फार झाला होता. नियमाचा विचार करायला समिती बसली. समिती बसली की किती बसते ते मी तुम्हाला सांगायला नको. अखेर नियम बदलला. पुढच्या समारंभात आधी कुणाचा गौरव झाला, ओळखा. समितीचा! पाचही जण वर आले, पाचही जण दोन शब्द बोलले. मी हात टेकले असते, पण मला हात नाहीत.

मग दोघींची नावं पुकारली गेली, नीट, शेजारी शेजारी. दोघी बरोबर चालत वर आल्या. ताई माझ्यामागे उभ्या राहिल्या. मी त्यांना अगदी मापात बसलो; पहिल्या कुलगुरूंनंतर प्रथमच कुणाला तरी. त्यांचा एकच हात माझ्यावर होता, सैल, शांत.

"हे काम आम्ही दोघींनी केलं," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीसुद्धा दोघींनीच केलं होतं."

आणि बाजूला झाल्या.

भाषण संपलं हेच कुणाला कळेना. मग शेजारी उभ्या असलेल्या बाईंनीच टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह वाजलं. माझ्या उभ्या जन्मात ऐकलेलं ते सगळ्यात छोटं भाषण. मला अजून पाठ आहे, आणि बाकीच्यांचं एक वाक्यही आठवत नाही.

आता सभागृहात काचेसारखा चकचकीत पारदर्शक पोडियम आलाय. त्याच्याआड कुणी लपत नाही, म्हणजे निदान काहीतरी सुधारलं. मला भंगारात काढणार होते. ताईंनी अर्ज न करता, सरळ दोन हमाल आणून मला प्रयोगशाळेत नेलं. बाईंनी सुतारकाकांच्या मुलाकडून माझे पाय कापून घेतले. दुखलं नाही. उलट वाटलं, एवढी वर्षं कशाला ताठ उभा होतो!

आता माझ्यामागे उभ्या राहून विद्यार्थिनी आपापलं काम सांगतात. चुकतात, अडखळतात, पुन्हा बोलतात. बाईंची बढती अजून व्हायचीय. ताईंची निवृत्ती जवळ आलीय. दोघींची भांडणं रोजची.

तुम्हीही कधी कुठल्या पोडियममागे उभे राहाल. हात थरथरले तर थरथरू द्या, आम्ही कुणाला सांगत नाही. फक्त ज्यांच्यामुळे तिथवर आलात त्यांची नावं आधी घ्या. शेवटासाठी ठेवू नका. शेवटी लोक चहाला उठलेले असतात.

आता पुरे. ताई पुन्हा ओली बरणी माझ्या डोक्यावर ठेवून गेल्यात आणि बाई तिकडे बरणी शोधत ओरडताहेत. अहो, कुणीतरी सांगा त्यांना, इथे आहे म्हणावं!