पहिली वेलांटी

मी एक जुना लाल पेन आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. एकतीस वर्षं मी शाळेतल्या बाईंच्या हातून वह्या तपासल्या. चुका बघून बघून माझा स्वभावच तुसडा झाला आहे.

बाईंचा स्वतःचा मुलगा तर अगदीच ढ. आपल्या नावात दुसरी वेलांटी असते, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तो कायम पहिली द्यायचा. सैन्यात गेल्यावरही पत्राखाली तीच चूक. बाई ती माझ्याकडून दुरुस्त करून घ्यायच्या आणि पत्र त्याला परत धाडायच्या. पुढच्या पत्रात पुन्हा तेच! मला त्याचा भारी राग यायचा. मग तो सीमेवर मारला गेला आणि पत्रं थांबली.

त्याचे वडील नळजोडणीचं काम करतात. मुलगा ज्या मैदानावर पळायचा, तिथे त्यांनी स्वतः पिण्याच्या पाण्याचा नळ बसवला. त्यावर मुलाच्या नावाची पाटी लागावी, एवढंच दोघांचं मागणं होतं.

नगरपालिकेचा कारकून पाटीचा मजकूर घेऊन आला. काय तो मजकूर! अकरा ओळी. त्यातल्या दहा ओळींत माननीय, सन्माननीय आणि त्यांचे मेहुणे. यातल्या एकानेही कधी गळका नळ दुरुस्त केला नसेल. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मुलगा अकराव्या ओळीत, बारीक अक्षरात. त्यातही पहिली वेलांटी.

बाईंनी माझं टोपण काढलं. मी वेलांटीकडे झेपावलो.

“थांब गं,” वडील म्हणाले. “तो असंच लिहायचा.”

बाईंनी मला वेलांटीवरून मागे घेतलं. मग त्यांनी मला वरच्या दहा ओळींवरून असं फिरवलं, की कागद फाटला. इतकं समाधान मला कुठल्याच वहीने दिलं नव्हतं.

“अहो बाई, मग साहेब उद्घाटनाला येणार नाहीत!”

“नळाला पाणी येतं ना? मग साहेब कशाला हवेत?”

कारकून ओशाळला. “बरं, ती वेलांटी तरी नीट करून देतो.”

“ती माझ्या मुलाची आहे. तिला हात लावायचा नाही.”

शेवटी एका ओळीची पाटी वडिलांनीच करून आणली आणि लावली.

मित्रांनो, शुद्ध लिहा. त्या नळावर पाणी प्यालात, तर तोटी घट्ट बंद करा. पण पाटीवरची चूक दाखवून शहाणपणा मिरवू नका. तशी चूक करणारा आता कोणी उरलेला नाही.