उठव त्याला

कॉफीचा कागदी पेला डाव्या हातात होता... पांढरं झाकण, झाकणाच्या भोकातून निघणारी वाफ, आणि पेल्याभोवतीची बोटं — डावी. ऑर्विन ल्युट्केची नजर तिथंच अडकून बसली. एलिसेओ पिचर, उजव्या हातानं चेंडू टाकणारा. सगळा उन्हाळा त्यानं कॉफी उजव्या हातानं प्यायली, सूर्यफुलाच्या बिया उजव्या हातानं तोंडात टाकल्या, डास मारले तेही उजव्याच हातानं. आणि आज तो हात जॅकेटच्या खिशात आजाऱ्यासारखा निजला होता. असेल बुवा, सहज असेल. माणूस काय रोज एकाच हातानं कॉफी पितो? — पितो. इतकी वर्षं पिचरांच्या मांडीला मांडी लावून या बाकावर काढल्यावर एवढं तरी मला कळतं.

बेसबॉलच्या मोसमातला शेवटचा सामना, दुपारचा. तळ्यावरचा वारा कुंपणावरून थेट बुलपेनमध्ये घुसत होता. राखीव पिचरांचं हे आवार मैदानाच्या पार टोकाला, आणि त्याच्या भिंतीवर तो फोन. पलीकडून मॅनेजर प्रुइट म्हणणार, "उठव त्याला." की बुलपेन सांभाळणाऱ्या ऑर्विननं त्या माणसाला उठवायचं, त्यानं भराभरा चेंडू टाकून दंड तापवायचा, आणि मग एक तर दार उघडून मैदानात जायचं, नाही तर — आणि पुष्कळदा हेच व्हायचं — पुन्हा फोन: "बसव." मैदानात टाकलेला चेंडू सगळी दुनिया बघते, इथं टाकलेल्याची कुठं नोंद नाही. हाताला मात्र दोन्ही सारखेच. हाताला काय कळतं?

"काय राजे, आज पण सुट्टी?" एलिसेओनं बीचं टरफल थुंकत तरण्या पिचरला, थेयरला, डिवचलं.

"वरून हुकूम आहे बाबा," थेयर म्हणाला आणि डोनटचा खोका पुढं केला. "काल टाकलं ना मी."

"हुकूम! माझ्या हाताला मेला कधी कुणी हुकूम सोडत नाही!"

सगळे खो-खो हसले. थेयरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. पोरगा वाईट नव्हता. पाच वर्षांचा करार होता त्याचा, आणि पाच वर्षं पुरवायचा हात वरच्या कचेरीतले लोक काचेच्या भांड्यासारखा जपायचे: काल टाकलं तर आज नाही, थंडी असेल तर नाही, सामना हातचा गेला असेल तर नाहीच नाही. पण सामने काही कुणाच्या करारासाठी थांबत नाहीत. थेयरचं उरलेलं काम कुणाच्या तरी अंगावर पडायचंच, आणि ते एका वर्षाच्या करारावर आलेल्या, चौतिशी गाठलेल्या माणसाच्या अंगावर पडलं... ऑर्विनचा बाप गवत कापणीच्या दिवसांत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं आणायचा आणि त्याला उसंत म्हणून द्यायचा नाही. घरचा ट्रॅक्टर छपराखाली, वर ताडपत्री. "परत द्यायचाय तो," बाप म्हणायचा, "त्याची कसली दया करतोस?" लहानपणी त्या ट्रॅक्टरचा आवाज आला की ऑर्विन कानांवर हात ठेवायचा. पुढं ठेवेनासा झाला. माणसाला कशाचीही सवय होते.

आणि फोनवर रोजचा प्रश्न — एलिसेओ कसा आहे? उत्तरही रोजचं — ठणठणीत. सांगितलं असतं एखादे दिवशी की नाही, आज नको, काल दोनदा उठवून बसवलाय... तर काय झालं असतं? प्रुइट गप्प झाला असता. आणि फोनवर नन्नाचा पाढा लावणाऱ्या म्हाताऱ्याला कोण ठेवतं? ऑर्विनचा करारसुद्धा एकेका वर्षाचाच. सांगायला लाज वाटते, पण खरं कारण एवढंच होतं.

एलिसेओच्या करारात एक कलम होतं. अमुक इतक्या सामन्यांत मैदानात उतरला तर पुढचं वर्ष आपोआप पक्कं. आता एकच सामना कमी होता, आणि तो गेले तीन आठवडे कमीच होता. उठव, बसव. उठव, बसव. मैदानात दुसरंच कुणीतरी जायचं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

बाकावर जागा करून एलिसेओ ऑर्विनजवळ सरकला. "म्हातारबा, मघापासून पेल्याकडं काय बघताय?"

"कुठं काय."

"बघा बघा. पण बोलू नका. एवढा आजचा दिवस."

"कधीपासून दुखतंय?"

एलिसेओ हसला. त्या हसण्यात राग नव्हता, हेच वाईट. "तुम्हाला माहीत नाही होय?" तो म्हणाला. मग डाव्या हातानं त्यानं ऑर्विनच्या गुडघ्यावर थोपटलं, जणू समजूत ऑर्विनचीच काढायची होती.

सामना बरोबरीत रखडला. जास्तीचे डाव सुरू झाले, आणि बाकावरचा एकेक जण दारातून मैदानात गेला; एकदा बदललेल्याला पुन्हा उतरता येत नाही. बाकीचे काल टाकून थकलेले. उरले दोघं, थेयर आणि एलिसेओ. हात जपायचा म्हणून थेयरला आज कुणी हात लावणार नव्हतं. म्हणजे त्याच पाच वर्षांच्या करारानं आज एलिसेओसाठी दार उघडलं होतं. देवा, काय हे तुझं गणित!

फोन वाजला.

"एलिसेओ कसा आहे?" प्रुइटचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "दंड बरा आहे ना? नसेल तर स्पष्ट सांग, लाजू नकोस. करीन मी काहीतरी. कालच्यांतला एखादा ढकलतो."

म्हणजे आज त्यांना खरं हवं होतं! सगळा उन्हाळा ज्या खऱ्याला कुणी दारात उभं केलं नाही, त्याला आज पाट मांडून ठेवला होता. दुखतंय म्हणालो की झालं — एलिसेओ बसेल, हात वाचेल, कलम हुकेल, वरचे सुटकेचा श्वास टाकतील आणि मला म्हणतील, शाबास, माणसाची काळजी आहे हो तुला! आणि नाही म्हणालो तर... तो हात. खिशातला तो हात. एलिसेओ ऑर्विनकडं बघत नव्हता. मुद्दाम मैदानाकडं तोंड करून उभा होता, आणि त्याच्या मानेवरची शीर तट्ट फुगलेली इथून दिसत होती.

"ठणठणीत आहे," ऑर्विन म्हणाला.

"बरं," प्रुइट म्हणाला. "उठव त्याला."

एलिसेओनं दंड तापवला. चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज रोजचा नव्हता, जरा बसका होता. तो ऐकताना ऑर्विनचे हात नकळत कानांकडं गेले. कितीतरी वर्षांनी. दार उघडलं. एलिसेओनं जाता जाता डाव्या हातानं टोपी नीट केली आणि धावत निघाला, हिरवळीवरून, एखाद्या कोवळ्या पोरासारखा.

पहिला चेंडू पडला. झालं. पुढचं वर्ष पक्कं झालं, आता कुणाच्या बापाला काढून घेता येणार नाही... आता परत ये. बस झालं, ये. पण एकदा उतरलेल्या पिचरला तीन फलंदाजांना तोंड दिल्याशिवाय परत फिरता येत नाही, नियमच आहे तसा. दुसरा चेंडू. तिसरा. प्रत्येक चेंडूनंतर एलिसेओ खांदा जरासा झटकत होता; एवढ्या गर्दीत ते कुणाला दिसलं नसेल.

उन्हाळाभर जे खोटं माझ्या पोटासाठी बोललो तेच आज त्याच्या पोटासाठी बोललो, मग आज तरी हलकं वाटायला हवं होतं. पुण्याचं खोटं म्हणतात ना, तसलं काहीतरी. पण शब्द तोच निघाला, आवाजही तोच, सरावलेला, कुठंही न अडखळलेला. आणि हात? हाताला काय कळतं, कुणाच्या पोटासाठी.

"ऑर्विन," थेयर हळूच म्हणाला. तो कधी शेजारी येऊन बसला ते कळलंच नव्हतं. "तुमचा चेहरा कसातरी दिसतोय. बरे आहात ना?"

"ठणठणीत," ऑर्विन म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

समोर एलिसेओनं चौथ्या चेंडूसाठी हात उचलला.