पाठीमागचा हात

ओडेसाने थर्मनच्या कोपराला दोन बोटांनी टोचलं, तेव्हा कुठे त्याची डावी मूठ पाठीवर नीट बसली.

“या पांढऱ्या हातमोज्यांत मी वेटर दिसतो, सिस्टर ओडेसा.”

“देवाचा वेटरच आहेस तू. पोट आत घे.”

थर्मन हसला. पंचेचाळिशीचा, सिटी बस चालवणारा दांडगा गडी. पण रविवारी सेवेकरी म्हणून चर्चच्या दारात उभा राहिला की ओडेसाच्या बोटांवर हलायचा. आपल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये सेवेकरी बोलत नाहीत. कुणाला कुठे बसवायचं, कुणाला भोवळ आली, सगळं हातांनीच सांगायचं. आणि काम नसेल तेव्हा डावी मूठ पाठीशी ठेवून ताठ उभं राहायचं. प्रमुख सेवेकरीण, म्हणजे ओडेसा, खूण करीपर्यंत हात सोडायचा नाही. एकतीस वर्षं ओडेसा हे शिकवत आली होती आणि त्यात तिने कुणाची गय केली नव्हती.

आज मात्र शनिवारची भर दुपार होती आणि ते चर्चमध्ये नव्हते. तिच्या धाकट्या बहिणीच्या, लव्हर्नच्या मुलाला मागच्या महिन्यात पोलिसांनी ठार मारलं होतं. गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून डेरियनला अडवलं आणि चार गोळ्या घातल्या. लव्हर्नला कोर्टाच्या पायऱ्यांवरून त्याच्याबद्दल बोलायचं होतं. तिला तिथवर न्यायचं आणि कुणाच्या अंगावर ओरखडा न उठू देता सगळ्यांना परत आणायचं, हे ओडेसाने पाद्रीबाबांसमोर अंगावर घेतलं होतं. म्हणून मोर्च्याच्या तोंडाशी आठ सेवेकरी, त्यांच्या मागे लव्हर्न, आणि तिच्या मागे तीनशे माणसं होती.

कोर्टासमोर पोलिसांची रांग आडवी आली. गर्दीतून कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली, ती ढालीवर आदळली. ओडेसाने वळून त्या माणसाकडे असं पाहिलं की तो मुकाट मागे सरकला. पण रांगेतल्या बंदुका वर आल्या होत्या.

“पाठीमागे काय लपवलंय?” एक गोरा पोलिस ओरडला. “हात दाखवा! सगळ्यांनी हात दाखवा!”

गलक्यात ते सेवेकऱ्यांना धड ऐकू गेलं नाही. आठही जण जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे ओडेसावर होते.

“ए म्हातारे, सांग त्यांना!”

सांगायला ओडेसाला तोंड होतं. हळू, बोटं पसरून, एकेकाने हात पुढे आणा, असं ओरडून सांगता आलं असतं. पण इतक्या वर्षांची सवय जिभेकडे वळलीच नाही. तिने उजवा पंजा उचलला आणि खाली आणला. हात सोडा.

आठ मुठी एकदम, एका झटक्यात, पाठीमागून पुढे आल्या. तालमीतसुद्धा त्यांना हे इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं.

रबराची पहिली गोळी थर्मनच्या डोळ्यावर बसली. तो गुडघ्यांवर आला आणि मग तोंडावर पडला. पाठोपाठ काठ्या आल्या. आठांतल्या ब्रदर एमॉसचं मनगट हातमोज्याच्या आतच मोडलं. लव्हर्नला केसांना धरून फुटपाथपर्यंत फरफटत नेलं. खाली पडलेल्यांना ‘हात दाखव’ म्हणत होते आणि हात पुढे आला की हातावरच मारत होते. ओडेसा थर्मनच्या अंगावर आडवी झाली. दुसऱ्या फटक्याला तिची बरगडी गेली, तरी ती उठली नाही. त्याचं रक्त तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं, गरम.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीवर एका माणसाचा आणि एका बाईचा वाद रंगला होता. पाठीमागे हात लपवलेल्या माणसांसमोर पोलिसांनी करायचं तरी काय, असं तो विचारत होता. हात दाखवले तेव्हाच गोळी घातली ना, असं ती बाई म्हणत होती. मग तो म्हणाला, चित्रण नीट बघा, इशारा झालेला दिसतोय. हे सगळं ठरवून केलेलं होतं.

“इशारा म्हणे,” लव्हर्न म्हणाली. तिच्या ओठाला पाच टाके होते. “खोटारडा मेला. सांग ना गं ओडी कुणाला तरी, तसलं काही नव्हतं म्हणून.”

इशारा झाला होता, आणि तो ओडेसानेच केला होता. पोलिसांना तिने मनातून तसूभर माफ केलं नव्हतं, पण स्वतःलाही सोडता येत नव्हतं. बरगडी धरून ती उठली आणि थर्मनच्या खोलीत गेली.

त्याचा अर्धा चेहरा पट्ट्यांत होता. डावा डोळा गेला, हे डॉक्टरांनी त्याला सांगून झालं होतं.

“लव्हर्न कशी आहे?”

“बरी आहे. ओठ फुटलाय.”

“त्या गोंधळात मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त तुमच्या हाताकडे बघत होतो. मगापासून तेच डोक्यात घोळतंय. मी घाई केली का, सिस्टर ओडेसा? सगळ्यांच्या आधी हात सोडला का?”

ओडेसा त्याच्या पलंगाच्या कडेला बसली.

“नाही रे,” ती म्हणाली. “मी खूण केली, आणि तू अगदी वेळेवर सोडलास.”

“मग ठीक आहे,” थर्मन म्हणाला आणि त्याने उरलेला डोळा मिटला.